चुकले तर दुरुस्त कोण करणार? : गणित शिकवण्याच्या एका जुन्या वादाचा इतिहास

गणित कसे शिकवावे या प्रश्नावर दोन पक्ष आहेत आणि ते फार काळापासून आहेत. एका पक्षाचे म्हणणे असे, की शिक्षकाने रीत स्पष्ट सांगावी, दोन-चार उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखवावीत आणि रीत अंगवळणी पडेपर्यंत मुलांकडून सराव करून घ्यावा. दुसरा पक्ष म्हणतो, की आयती दिलेली रीत परीक्षेपुरतीच टिकते. मुलाने वस्तू हाताळून, सोबत्यांशी बोलून, प्रसंगी अडखळून स्वतः वाट काढली, तरच ते ज्ञान त्याचे होते. पहिल्या पक्षाची 'घोकंपट्टीवाले' म्हणून हेटाळणी होते, दुसऱ्याची 'खेळ मांडणारे' म्हणून. दोन्ही पक्षांकडे आपापले दाखले आहेत आणि दोन्हींकडे यशस्वी झालेले विद्यार्थीही आहेत. म्हणून कोणाचा जय झाला हे पाहण्याऐवजी या इतिहासाला एकच प्रश्न विचारून पाहावा असे वाटते. तो प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका इटालियन प्रवाशाने चार मुलांना विचारला होता.

पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा सरदार १६२३ साली गोव्यात होता. पोर्तुगिजांनी इक्केरीच्या वेंकटप्प नायकाकडे वकील पाठवला, त्याच्या सोबतीने हाही निघाला. होन्नावर, गेरसोप्पा असा मार्ग करत मंडळी घाट चढू लागली. वाटेत ओझी बांधली जात असताना एका देवळाच्या ओसरीत त्याला चार मुले अंकगणित शिकताना दिसली. गुरू तिथे नव्हता. त्याने दिलेला धडा मुले आपापसांत पक्का करत होती. एक मुलगा सुरात एक ओळ म्हणे आणि म्हणता म्हणता तोच अंक जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने लिही. मग बाकीचे तिघे तेच म्हणत आणि तेच लिहीत. जागा भरली की हाताने वाळू सारखी करायची, लागली तर नवी पसरायची आणि पुढे चालू लागायचे. देल्ला व्हाल्लेने त्यांना विचारले, की तुमच्यापैकी कोणी विसरला किंवा चुकला, तर गुरू नसताना दुरुस्त कोण करणार? मुलांनी उत्तर दिले, की चौघेही एकाच ठिकाणी चुकतील असे होत नाही. एक चुकला तर दुसरा सांगतो. प्रवाशाला हे पटले आणि शिकण्याची ही रीत त्याने मोठ्या कौतुकाने आपल्या पत्रात नोंदवून ठेवली.

आजच्या वादातले दोन्ही पक्ष या ओसरीवर एकत्र बसलेले दिसतात. धडा गुरूने दिलेला आहे, त्यात शोध लावण्यासारखे काही नाही, आणि सगळा भर पाठांतरावर आहे. दुसरीकडे मुले निमूट ऐकत बसलेली नाहीत. ती बोलतात, लिहितात, ऐकतात आणि एकमेकांना तपासतात. या पद्धतीचे बळ पाठांतरातही नाही आणि गटात बसण्यातही नाही. चूक झाल्याबरोबर ती पकडणारे कोणीतरी शेजारी आहे, यात ते आहे. तिची मर्यादाही तिथेच आहे. 'सात आठे छप्पन्न' यावर चौघांचे एकमत उपयोगी पडते. छप्पन्नच का, यावर चौघेही एकाच ठिकाणी अडले, तर त्यांच्यापाशी उपाय नाही.

आपल्याकडच्या पंतोजींच्या शाळा याच घराण्यातल्या. कोणाच्या पडवीत किंवा देवळात भरणारी ही शाळा. धूळपाटीवर अक्षरे आणि अंक गिरवायचे, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मोठ्याने उजळणी म्हणायची. नुसते बे-तीनचे पाढे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनचा पाढा पाठ करण्याचे प्रयोजन आज कोणाला कळणार नाही. परंतु रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर आणि खंडीचे वीस मण ज्या बाजारात चालतात, तिथे हे पाढे म्हणजे हत्यारे होती. सव्वा रुपया शेर दराने बारा शेरांचे किती, याला सवायकी येणारा मुलगा कागद न घेता पंधरा म्हणे. पंतोजींचे गणित पेढीवर आणि कुलकर्ण्याच्या दप्तरात उपयोगी पडत असे. तिथे चूक लपत नसे. रोजकीर्द आणि खतावणी जुळली नाही की चूक आपोआप वर येई. शाळेत छडी होती हे खरे, आणि तिची दहशत विसरून चालणार नाही. पण शाळेबाहेर व्यवहार नावाचा दुसरा, अधिक कडक परीक्षक बसलेला होता. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणी आली, पाठोपाठ वजने-मापेही बदलली आणि या पाढ्यांचा आधार गेला. त्यानंतर घरोघरी जी औटकी म्हटली गेली ती केवळ स्मरणशक्तीची कसरत होती. पाठांतराचा धाक राहिला, त्यामागचा बाजार उठून गेला.

'का' हा प्रश्न या देशात कोणी विचारतच नव्हते असे मात्र नाही. भास्कराचार्यांची लीलावती ११५० सालची. तीत आधी नियम, मग उदाहरण अशी मांडणी आहे; नियमाचे कारण बहुधा दिलेले नाही. ते काम टीकाकारांनी केले. कोकणातल्या नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी १५४५ साली लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. म्हणजे रीत सांगणे आणि रीतीचे कारण सांगणे ही दोन्ही कामे परंपरेत होती, परंतु ती दोन वेगळ्या घरांत राहत होती. उपपत्ती संस्कृतात, ज्योतिषाच्या अभ्यासकांपाशी. उजळणी मराठीत, पंतोजींपाशी. पडवीतल्या मुलाला 'असे का' हा प्रश्न पडला, तर त्याचे उत्तर गावात असण्याची शक्यता फार थोडी होती. जातीच्या आणि भाषेच्या भिंती लक्षात घेता, ते असले तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता त्याहून थोडी.

यापुढचा भाग मोठा चमत्कारिक आहे. अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एग्मोर येथे सैनिकांच्या मुलांच्या अनाथालयाची व्यवस्था पाहत होता. जवळच्या एका देशी शाळेत मुले वाळूत बोटाने अक्षरे काढताना त्याने पाहिली आणि तीच युक्ती आपल्या शाळेत आणायचे ठरवले. त्याच्या हाताखालच्या शिक्षकांना ते पटेना. तेव्हा त्याने जॉन फ्रिस्कन नावाच्या आठेक वर्षांच्या मुलाला धाकट्यांचा वर्ग दिला, आणि तो वर्ग चालला. या अनुभवावर बेलचे पुस्तक १७९७ मध्ये लंडनला निघाले. पुढे जोसेफ लँकेस्टर याने याच धर्तीवर लंडनच्या बरो रोडवर मोठी शाळा उभी केली. एक शिक्षक, त्याच्या हाताखाली मॉनिटर मुले आणि समोर शेकडो विद्यार्थी अशी तिची रचना होती. कमी खर्चात गरिबांना शिकवण्याचा हा कारखाना युरोप-अमेरिकेत गाजला.

आणि मग तो परत आला. मुंबईत १८२२ साली देशी शाळा आणि शाळापुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. तिच्या समितीने इलाख्यातल्या शाळांची पाहणी करून चार उणिवा नोंदवल्या : पुस्तके नाहीत, शिकवण्याची सुगम पद्धत नाही, लायक शिक्षक नाहीत आणि पैसा नाही. पद्धतीच्या उणिवेवर मंडळीने शोधलेला उपाय होता लँकेस्टरची पद्धत. जी गोष्ट देशी शाळांतून उचलून लंडनला गेली होती, तीच विलायती शिक्का घेऊन देशी शाळांच्या सुधारणेसाठी मुंबईत उतरली.

या येण्याजाण्यात काय गळाले ते पाहण्यासारखे आहे. देवळाच्या ओसरीवर चार मुले एकमेकांच्या तोडीची होती. कोणीही कोणालाही दुरुस्त करू शकत होते. लँकेस्टरच्या शाळेत दुरुस्त करण्याचा अधिकार एकट्या मॉनिटरकडे गेला, आणि त्याचे ज्ञान बाकीच्यांपेक्षा एक धडा पुढे इतकेच. तो उत्तर चूक की बरोबर एवढे सांगू शके; चूक कुठून आली हे त्याला उमगणे कठीण होते. मंडळीचे चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्विस यांना हे अपुरेपण जाणवले असावे. त्यांनी पंडितांच्या साहाय्याने मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली, शिक्षक तयार करण्याचे काम हाती घेतले आणि १८२६ मध्ये त्या शिक्षकांची पहिली तुकडी जिल्ह्यांत रवाना झाली. चार उणिवांपैकी पद्धतीची उणीव एका ठरावाने भरून काढता येत होती. लायक शिक्षकांची उणीव तशी भरता येत नव्हती, आणि ती आजतागायत पुरती भरलेली नाही.

विसाव्या शतकात हा वाद प्रयोग आणि आकडे यांच्या भाषेत लढला गेला तो मुख्यतः अमेरिकेत. तिथल्या कल्पना पुढे आपल्याकडच्या अभ्यासक्रमांतही झिरपल्या, म्हणून तिकडे वळणे भाग आहे. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२२ साली अंकगणिताच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. प्रश्न आणि उत्तर यांच्यातला दुवा सरावाने घट्ट होतो, म्हणून योग्य दुवे निवडून त्यांचा सराव द्यावा, असे त्याचे सार. १९३५ मध्ये विल्यम ब्राउनेल यांनी त्याला उत्तर दिले. शॅझल यांच्यासह त्यांनी तिसरीच्या मुलांचा अभ्यास केला तेव्हा आढळले, की बेरजा पाठ करून घेतल्यावरही पुष्कळ मुले उत्तरे आठवत नव्हती. ती पूर्वीसारखीच मनातल्या मनात मोजत होती, फक्त अधिक वेगाने. सरावाने मुलाची रीत बदलत नाही, आहे ती रीत जलद होते, हा निष्कर्ष फार मोलाचा होता. उत्तर बरोबर आले म्हणजे आतले सगळे बरोबर आहे असे नव्हे.

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या शाळांची चिंता लागली. १९५८ मध्ये एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली गणितज्ञांचा गट स्थापन झाला आणि 'नवे गणित' शाळांत आले. संच, निरनिराळ्या पायांच्या संख्यापद्धती, क्रमनिरपेक्षता. रीतीपेक्षा रचना कळावी हा हेतू उदात्त होता. परंतु हे शिकवायचे होते त्या प्राथमिक शिक्षकांना ते कोणी धड शिकवलेच नव्हते. शाळेत शिक्षक गोंधळलेला, घरी आईबाप गोंधळलेले. मुलाची चूक पकडणारी दोन्ही ठिकाणे एकाच वेळी बंद पडली. रिचर्ड फाइनमन यांनी १९६५ मध्ये या पुस्तकांतल्या शब्दावडंबरावर कठोर टीका केली. मॉरिस क्लाइन यांचे या चळवळीवरचे खंडनपर पुस्तक १९७३ मध्ये आले, तोवर ती ओसरू लागली होती. लाटेचे पाणी भारतापर्यंत पोहोचले आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत संच आले.

त्याच १९७३ साली स्टॅन्ले अर्लवँगर यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. माझ्या मते या संपूर्ण वादातले ते सर्वांत बोलके प्रकरण आहे. 'बेनी' या नावाने ओळखला जाणारा सहावीतला बारा वर्षांचा मुलगा. त्याच्या शाळेत प्रत्येकाने आपापल्या गतीने पुस्तिका सोडवायच्या, उत्तरसूचीशी ताडून पाहायच्या, ठरावीक गुण मिळाले की पुढे सरकायचे, अशी व्यवस्था होती. बेनी भराभर पुढे जात होता आणि हुशारांत गणला जात होता. अर्लवँगर त्याच्याशी बोलले तेव्हा कळले, की अपूर्णांकाचे दशांश रूप करताना तो अंश आणि छेद यांची बेरीज करतो आणि मध्ये टिंब देतो. म्हणून चार अकरांश म्हणजे १.५ आणि अकरा चतुर्थांश म्हणजेही १.५. दोन भिन्न अपूर्णांकांचे उत्तर एकच येते याचे त्याला काही वाटत नव्हते. उत्तरसूचीतले उत्तर आपल्या उत्तराहून निराळे दिसले, की तेच उत्तर दुसऱ्या रूपात लिहिले असेल अशी तो समजूत करून घेई. गणित म्हणजे कोणीतरी बनवलेल्या असंख्य नियमांचा खेळ आहे, अशी त्याची धारणा झाली होती.

बेनीचे अपयश कोणत्या पक्षाच्या खात्यावर मांडायचे? त्याला कोणी रीत घोकायला लावली नव्हती; नियम तर त्याने स्वतःच शोधले होते. शोध लावण्याची वृत्ती त्याच्यात ओसंडून वाहत होती. सरावही भरपूर होता आणि उत्तरे रोज तपासली जात होती. नव्हते ते एवढेच, की 'हे कसे काढलेस ते सांग' असे विचारणारे माणूस. अर्लवँगर यांनी ते विचारले, पण तोपर्यंत चुकीचे नियम घट्ट बसले होते.

पद्धतींची थेट तुलना करण्याचा मोठा प्रयत्न 'फॉलो थ्रू' या सरकारी योजनेत झाला. गरीब वस्त्यांतल्या मुलांसाठी निरनिराळी प्रतिमाने १९६८ पासून राबवली गेली आणि मुख्य मूल्यमापन १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. झीगफ्रीड एंगेलमन यांचे प्रतिमान मूलभूत कौशल्यांत सर्वांच्या पुढे होते. त्यात शिक्षकाने काय बोलायचे ते शब्दशः लिहून दिलेले असते, मुले एकसुरात उत्तर देतात आणि चूक तिथल्या तिथे दुरुस्त होते. मुलांच्या आत्मविश्वासाच्या मोजणीतही ते मागे नव्हते. उजळणीच्या टीकाकारांनी हे नीट पाहायला हवे. परंतु १९७८ मध्ये अर्नेस्ट हाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच आकडेवारीतून दुसरी गोष्ट दाखवली. दोन प्रतिमानांमधल्या फरकापेक्षा एकाच प्रतिमानाच्या दोन गावांतला फरक अधिक होता. पद्धतीचे नाव एकच असताना एका गावी ती फळली आणि दुसऱ्या गावी फसली.

तरी भांडण थांबले नाही. १९८९ मध्ये गणित-शिक्षकांच्या राष्ट्रीय परिषदेने शोधप्रधान मानके जाहीर केली. कॅलिफोर्नियाने तो मार्ग धरला आणि १९९७ मध्ये सोडला. १९९९ मध्ये दोनशेहून अधिक गणितज्ञ आणि शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रात खुले पत्र छापून अशा पाठ्यपुस्तकांचा निषेध केला. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांनी लिहिले, की नवशिक्याची कार्यस्मृती तोकडी असते, त्याला अल्प मार्गदर्शनावर सोडले तर ती शोधण्यातच खर्च होते. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या महाविद्यालयीन विषयांतल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना दिसले, की नुसत्या व्याख्यानांच्या वर्गात सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होतात, तर सक्रिय सहभागाच्या वर्गात २२ टक्के. हे निष्कर्ष वाटतात तितके परस्परविरोधी नाहीत. एक नवशिक्याविषयी बोलतो, दुसरा शाळा पार केलेल्याविषयी. शिवाय ज्याला 'सक्रिय' म्हटले आहे त्यातही वर्गात प्रश्न देणे, उत्तरे घेणे आणि लगेच दुरुस्त करणे पुष्कळ असते. मनू कपूर यांनी २००८ पासून मांडलेली 'फलदायी अपयशा'ची कल्पनाही हेच सांगते : आधी मुलांना झगडू द्यावे, पण नंतर शिक्षकाने त्यांच्याच चुका हाती घेऊन रीत नीट शिकवावी. अमेरिकेच्या राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळानेही २००८ मध्ये निर्वाळा दिला, की अध्यापन संपूर्णपणे शिक्षककेंद्री किंवा संपूर्णपणे विद्यार्थीकेंद्री असावे याला संशोधनाचा आधार नाही.

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या विचारांचे गणितीकरण हे मुख्य ध्येय मानले. ते योग्यच होते. पण चूक या विषयाकडे आपण कसे पाहतो याचा खरा नमुना २०१९ मध्ये दिसला. मंगला नारळीकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने दुसरीच्या नव्या पुस्तकात दोन अंकी संख्या 'वीस एक', 'वीस दोन' अशा वाचण्याची पद्धतही दिली. कारण साधे होते. मराठीत 'एकवीस' म्हणताना एक आधी येतो आणि लिहिताना दोन, म्हणून मुले १२ लिहून बसतात. 'एकोणतीस' तर तीसचे नाव घेऊन येते आणि लिहायचे असते २९. जोडाक्षरांचाही त्रास असतो. जुने शब्द काढले नव्हते, दोन्ही पद्धती दिल्या होत्या. तरी गदारोळ उठला, मराठीच्या अस्मितेचे प्रश्न निघाले, विधानसभेत मुख्यमंत्र्यांच्या आडनावावर कोट्या झाल्या. उपायाबद्दल मतभेद असू शकतात. जुने संख्याशब्द भाषेचे धन आहेत हेही खरे. परंतु मुले नेमकी कुठे आणि का चुकतात, या मूळ निरीक्षणावर त्या गोंधळात फारसे कोणी बोलले नाही. नारळीकर २०२३ मध्ये निवर्तल्या. त्यांनी पुढे ठेवलेला प्रश्न शिल्लक आहे.

हा प्रश्न केवळ शिक्षणशास्त्राचा नाही. ज्या मुलाच्या घरी शिकलेले आईबाप आहेत किंवा शिकवणीची फी भरण्याची ऐपत आहे, त्याची चूक संध्याकाळी कोणीतरी पाहते. शाळेत घोकंपट्टी असो की प्रकल्प, त्याचे निभावते, आणि श्रेय शाळेच्या पद्धतीला जाते. ज्याच्या घरी असे कोणी नाही, त्याची सगळी भिस्त वर्गावर असते. साठ मुलांच्या वर्गात रीत सांगून पुढे जाणारा शिक्षक त्याला जितका निरुपयोगी, तितकाच 'गटात चर्चा करा' म्हणून बाजूला होणाराही. दोन्ही ठिकाणी तो मुलगा बेनी होतो. फरक इतकाच, की बेनीला निदान गुण तरी मिळत होते.

म्हणून नवी पद्धत जाहीर झाली की तिच्या नावाआधी काही साध्या गोष्टी विचाराव्यात. मुलाची वही रोज कोण पाहील? त्याने उत्तर कसे काढले हे विचारायला वेळ कोणापाशी असेल? विचारणाऱ्याला स्वतःला त्या रीतीचे कारण ठाऊक असेल का, आणि नसेल तर त्याला ते कोण शिकवील? १८२० च्या दशकात मुंबईच्या समितीने नोंदवलेली तिसरी उणीव याच प्रश्नांची होती. पद्धती त्यानंतर अनेक आल्या आणि गेल्या. त्यांच्यावर झालेल्या चर्चेच्या मानाने शिक्षकाला गणित शिकवण्यावर झालेला खर्च अजूनही फार थोडा आहे.